फरशीवाल्याने ठेवून गेलेलं ॲसिड कॉस्टिक सोड्याने मारता (म्हणजे उदासीन करता) येईल का?

थोडक्यात तुमचं म्हणणं असं: टाइल्स धुण्याचं अर्धा लिटर ॲसिड मोरीत पडून आहे, त्यात तेवढाच कॉस्टिक सोडा (सोडियम हायड्रॉक्साइड, तीव्र अल्कली) घातला की शाळेत शिकल्याप्रमाणे मीठ-पाणी उरेल ना? कागदावर उरेल. मोरीत मात्र हा प्रयोग करू नका.

आम्लातला हायड्रोजन आयन आणि अल्कलीतला हायड्रॉक्साइड आयन एकास एक जुळतात आणि पाणी होतं. सोडियम आणि क्लोराइड तसेच पाण्यात राहतात, त्यांचंच पुढे मीठ. त्यामुळे हिशोब मोलचा, म्हणजे कणांच्या संख्येचा असतो, कपाला कप असा नाही. हे ॲसिड बहुधा 30 टक्क्यांच्या आसपासचं हायड्रोक्लोरिक असतं (बाटलीवर बघून घ्या). अर्ध्या लिटरमध्ये साधारण 4.7 मोल. त्याला कॉस्टिक लागेल सुमारे 190 ग्रॅम, तेही कोरडं असेल तर. आपल्याकडे पावसाळ्यात उघड्या पाकिटातले कॉस्टिकचे दाणे हवेतलं पाणी ओढून चिकट होतात, हवेतला कार्बन डायऑक्साइडही शोषतात. मग वजन बरोबर असूनही माप चुकतं.

खरी भीती उष्णतेची. प्रत्येक मोलमागे सुमारे 57 किलोज्यूल बाहेर पडतात. इथे एकूण 270 किलोज्यूलच्या आसपास, म्हणजे नळाचं लिटरभर पाणी जवळजवळ उकळीला येईल एवढी. कॉस्टिकचे दाणे विरघळताना निघणारी उष्णता वेगळीच. अर्धा लिटर ॲसिडात ते एकदम टाकलेत तर मिश्रण जागच्या जागी उसळून तोंडावर उडतं. आणि कॉस्टिक चमचाभर जास्त झालं तर उरलेलं पाणीही कातडी जाळणारंच.

म्हणून खाण्याचा सोडा घ्या. जास्त पडला तरी पीएच (आम्ल-अल्कलीचं माप, सात म्हणजे उदासीन) साडेआठच्या वर जात नाही, चूक झाली तरी निभावतं. 4.7 मोलला हिशोबाने 400 ग्रॅम लागतो, अर्धा किलो जवळ ठेवा. कपडे धुण्याचा सोडाही चालतो, पण जास्त झाला की पीएच अकरापर्यंत चढतो.

हे काम मोरीत नको, गॅलरीत किंवा गच्चीत करा. एवढ्या खाण्याच्या सोड्यातून 115 लिटरच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघतो. तो हवेपेक्षा जड, आणि मुंबईतल्या चार बाय पाचच्या, एका झरोक्याच्या मोरीत तळाशीच साचून राहतो. हातमोजे आणि चष्मा घाला. प्लास्टिकच्या मोठ्या बादलीत आधी दहा लिटर पाणी, मग त्यात ॲसिड बारीक धारेने. उलट क्रम कधीच नाही. स्टील किंवा ॲल्युमिनियमचं भांडं नको, ॲसिड ते खातं. मग सोडा मूठमूठ टाका, आधीचा फेस बसला की पुढची मूठ. घाई केली तर फेस काठावरून उतू जातो आणि त्यात न मेलेलं ॲसिडही असतं. कॉस्टिकसारखं इथे पाणी तापत नाही, उलट किंचित गार होतं.

नवीन मूठ टाकूनही फसफस होत नाही, म्हणजे झालं. खात्री हवी तर पीएच पेपरची पट्टी बुडवा, मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीटला लॅबच्या सामानाच्या दुकानांत मिळते. सात-आठच्या आसपास रंग आला की भरपूर पाण्याबरोबर संडासात ओता. हळदीचा कागद इथे कामाचा नाही, तो फक्त अल्कलीत लाल होतो. ॲसिड शिल्लक आहे की नाही ते त्याला कळत नाही.

ब्लीचिंग पावडर किंवा लिक्विड ब्लीच त्या बादलीच्या आसपासही नको, ॲसिडबरोबर क्लोरीन वायू निघतो. कडप्पा, कोटा आणि संगमरवर हे चुनखडीचे दगड. त्यांच्यावर ॲसिड सांडलं तर ते उदासीन होतं खरं, पण दगड खाऊन. तिथे लगेच सोडा पसरा. अंगावर उडालं तर मात्र सोडा लावत बसू नका, वाहत्या पाण्याखाली वीसेक मिनिटं धरा. डोळ्यात गेलं तर तसंच धुवा आणि लगेच दवाखाना गाठा.

बाटली बंद आणि लेबल शाबूत असेल तर मारण्याआधी फरशीवाल्यालाच फोन करा, त्याला पुढच्या कामाला लागतंच. नाहीतर शेवटी रिकामी बाटलीही सोड्याच्या पाण्याने विसळूनच कचऱ्यात टाका, झाकणात थेंब राहतात.