१५ हजारांत एमटीबीचे (माउंटन बाइकचे) कोणते पार्ट आधी बदलावेत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वजन ७२ किलो, १०० मिमी दबणाऱ्या स्प्रिंग फोर्कची हार्डटेल (फक्त पुढे सस्पेन्शन असलेली सायकल), २९ इंची चाकं, केबलवर चालणारे डिस्क ब्रेक, ३×८ गिअर (पुढे ३, मागे ८ चक्रं). पुण्याच्या टेकड्यांवर मुरुमात पुढचं चाक घसरतं, उतरताना हात भरून येतात. १५ हजारांत एअर फोर्क (स्प्रिंगऐवजी हवेवर चालणारा) घ्यावा का?

नको. फोर्क सगळ्यात शेवटी. तुमच्या दोन्ही तक्रारी मुख्यतः टायर आणि ब्रेक लिव्हरच्या आहेत, आणि त्यातलं निम्मं काम फुकटात होतं.

आधी हवा. टायरच्या कडेला छापलेला आकडा ही कमाल मर्यादा असते, तेवढी भरायची असा त्याचा अर्थ नाही. दुकानदार मात्र हमखास ४५-५० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) ठासून देतात. मुरूम म्हणजे कडक जमिनीवर सांडलेले छर्रे. टायरचे गुट्टे त्यातून खाली दबून जमिनीला टेकले तरच पकड मिळते. फुगवलेला टायर दबतच नाही, खड्यांवरून गडगडत जातो. ट्यूब असलेल्या २९×२.२५ टायरला तुमच्या वजनाला पुढे २७, मागे ३० पासून सुरुवात करा. दोन-तीनशे मीटरचा एकच ओळखीचा उतार निवडा आणि प्रत्येक फेरीनंतर २ पीएसआय कमी करा. रिम दगडावर टणकन आपटली किंवा वळणावर टायर लिबलिबला, की २ पीएसआय परत चढवा. तो तुमचा आकडा. कायम एकच पंप वापरा, कारण दोन पंपांचे काटे क्वचितच जुळतात. ट्यूबला शेजारी-शेजारी दोन चिरा पडल्या तर हवा कमी पडली आणि रिमने ट्यूब चिमटली. एकच बारीक भोक असेल तर तो बाभळीचा काटा, त्यासाठी हवेला दोष देऊ नका.

मग टायर. पैसे कमी असतील तर फक्त पुढचा बदला. मागचं चाक घसरलं तर सावरता येतं, पुढचं घसरलं तर खांदा जमिनीवर. मधले गुट्टे मध्यम उंचीचे, कडेचे जाड आणि मोकळे, रबर मऊ, रुंदी २.२५ ते २.३५. घेण्याआधी फोर्कच्या दोन्ही बाजूंना किमान ५-६ मिमी जागा उरते का ते पाहा. चढवताना कडेवरचा बाण फिरण्याच्या दिशेने ठेवा. तो उलटा बसवलेल्या सायकली पुष्कळ दिसतात.

ट्यूबलेस करायचं तर रिम आणि टायर दोन्हींवर तसं लिहिलेलं हवं. साध्या रिमवर जुगाड केला तर कमी हवेत टायरची कड वळणावर निसटते. रिमची भोकं झाकणारी टेप रिमच्या आतल्या रुंदीपेक्षा २-३ मिमी रुंद घ्या, ताणून चिकटवा. सीलंट (भोक आपोआप बुजवणारा द्रव) प्रत्येक चाकात साधारण १०० मिली. उन्हाळ्यात ते लवकर सुकतं, म्हणून दर दोन महिन्यांनी चाक कानाजवळ हलवून पाहा. आत डुचमळलं नाही तर भर घाला. ट्यूबलेसमध्ये हवा आणखी ३-४ पीएसआय कमी चालते.

आता हात. पकडीपासून लिव्हर दूर असली की दोन-तीन बोटं ताणून धरावी लागतात आणि दहा मिनिटांत मनगट ते कोपर दगड होतो. क्लॅम्प ढिला करून लिव्हर आत सरकवा, इतकी की तिचं टोक फक्त तर्जनीखाली येईल. उभं राहून चालवताना मनगट सरळ राहील असा कोन द्या. शेवटी लिव्हरवरचा छोटा एलन स्क्रू फिरवून ती जवळ आणा.

तुमच्या केबल ब्रेकमध्ये बहुधा बाहेरचाच पॅड हलतो, आतला स्थिर असतो. तो स्थिर पॅड मागच्या गोल चकतीने डिस्कच्या अगदी जवळ आणा, घासणार नाही इतपत. पॅड झिजले की लोक नुसती केबल ताणत राहतात. त्याने कॅलिपरचा (पॅड दाबणाऱ्या भागाचा) दांडा आधीच अर्धा फिरलेला राहतो आणि जोर जातो. आधी पॅड आत घ्या, केबल नंतर. नवे पॅड लावल्यावर सपाटीवर वेग घेऊन पूर्ण न थांबता १५-२० वेळा ब्रेक दाबून वेग कमी करा, तोवर ते पूर्ण धरत नाहीत. चेनला स्प्रे मारताना डिस्क झाका. पॅडला तेल लागलं तर ते बहुधा फेकावेच लागतात.

टायर घेऊन उरलेल्या पैशांत हायड्रॉलिक ब्रेक घ्या. शिमानोचा एमटी२०० सारखा सुरुवातीचा सेटही जमीन-अस्मानाचा फरक दाखवतो. ऑनलाइन घेताना एक मेख आहे: आपल्याकडे पुढचा ब्रेक सहसा उजव्या हाताला असतो, बाहेरून आलेले बरेच सेट उलटे. बदलायचे तर पाईप काढून ब्लीड करावं (तेलातली हवा काढावी) लागतं. डिस्कवर फक्त रेझिन पॅडसाठी असं कोरलेलं असेल तर मेटल पॅड लावू नका, डिस्क खाऊन टाकतात. शिमानोत मिनरल ऑइलच. डॉट (गाड्यांमधलं ब्रेक फ्लुइड) घातलं तर आतली सीलं फुगतात.

फोर्कचं म्हणाल, तर स्प्रिंगवरच्या गोल बटणाने स्प्रिंग कडक होत नाही, फक्त आधीच थोडी दाबली जाते. पुढे एअर फोर्क घ्याल तेव्हा स्टिअररची नळी (फोर्कची फ्रेममध्ये जाणारी वरची नळी) सरळ की निमुळती, चाकाचा ॲक्सल कोणता, हे मोजूनच घ्या. १२० मिमीच्या वर जाऊ नका, हेडट्यूबवर (फ्रेमच्या पुढच्या नळीवर) ताण येतो. हवा शॉक पंपानेच (फोर्कसाठीच्या जास्त दाबाच्या छोट्या पंपाने) भरा. पाण्याच्या बॅगेसह सायकलवर बसल्यावर फोर्क १८-२० मिमी दबला पाहिजे.

गिअरला एवढ्यात हात लावू नका. वन-बाय (पुढे एकच चक्र) करायचा मोह होतो, पण या किमतीच्या कित्येक सायकलींच्या मागच्या हबवर कॅसेट (सरकवून बसवायचा चक्रांचा संच) नसते, आट्यांवर बसणारी फ्रीव्हील असते. मग हब, म्हणजे पर्यायाने अख्खं चाक बदलावं लागतं. तूर्तास चेनगेज (चेनची झीज मोजणारी पट्टी) लावून पाहा. तिचं ०.७५ चं टोक चेनमध्ये पूर्ण उतरत असेल तर चेन बदला, नाहीतर दातेही झिजतात.