श्वास घ्यायला हवा कुठे आहे?

समुपदेशनाच्या पहिल्या व्हिडिओ कॉलला ती कपडे धुण्याच्या खोलीत, उलट्या ठेवलेल्या बादलीवर बसली होती. मागे वॉशिंग मशीन फिरत होतं आणि ती सारखी मान वळवून दाराकडे बघत होती. कुणी येणार आहे का, असं मी विचारलं. "नाही ताई," ती म्हणाली, "पण कुणीतरी येतंच."

वय सत्तावीस. ओळख पटू नये म्हणून तिचे तपशील मी बदलले आहेत, आणि तशाच अवस्थेतून गेलेल्या आणखी दोघांच्या गोष्टीही त्यात मिसळल्या आहेत. नोकरी सोडून काही महिने जग बघायला निघालेली मुलगी. खर्च भागावा म्हणून परदेशातल्या, प्रवाशांसाठीच्या एका हॉस्टेलमध्ये व्हॉलंटियर झालेली. रोज पाच तास, आठवड्यातले पाच दिवस चादरी बदलायच्या, रिसेप्शनवर बसायचं, नाश्ता मांडायचा. मोबदल्यात एक बेड आणि दोन वेळचं जेवण. ठरलं होतं आठ आठवड्यांचं. तिसऱ्या आठवड्यात तिचा मेल आला, आणि त्याचा शेवट असा होता: "बाकीचे सगळे मजेत आहेत. मलाच का जमत नाही? मी इतकी लाडावलेली आहे का?"

हा प्रश्न मला आता ओळखीचा झाला आहे. शेतावर राबायला गेलेले विचारतात, कासवांच्या अंड्यांची राखण करायला गेलेले विचारतात. तक्रार जागेची असते, पण विचारायचं असतं ते स्वतःबद्दल.

खोलीचं वर्णन तिने बारकाईने केलं. चार बंक, आठ माणसं. तिचा बंक वरचा, छत इतकं जवळ की ताठ बसता येत नाही. पडदा नाही. बॅगा जमिनीवर, ओले टॉवेल दांड्यांवर, आणि चार्जिंगचा पॉइंट एकच, तोही दुसऱ्या टोकाला. त्यात एक मुलगा सकाळच्या शिफ्टचा. पहाटे पाचला उठून तो प्लास्टिकच्या पिशवीत काहीतरी शोधायचा. "ती पिशवी, ताई," ती म्हणाली. "मला ती दिवसासुद्धा ऐकू येते." मग जरा थांबून, खालच्या आवाजात, "मागच्या आठवड्यात तो तापाने पडला. मला बरं वाटलं. पहाटे उठणार नाही म्हणून. मी अशी नव्हते हो."

इथे मी एक चूक केली. माणूस इतकं ताणलेलं दिसलं की हात आपसूक ठरलेल्या कप्प्याकडे जातो. मी तिला सावकाश श्वासाचा व्यायाम सांगितला. चार अंक मोजत श्वास आत, सहा अंक मोजत बाहेर, रात्री झोपताना. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "श्वास घ्यायला हवा कुठे आहे?"

मला वाटलं, घुसमटीबद्दल बोलते आहे. प्रत्येक वाक्यात रूपक शोधणं हा आमच्या धंद्यातला रोग. मी "घुसमट कधीपासून जाणवते?" वगैरे सुरू केलं. तिने मला तोडलं. "नाही हो ताई, खरंच हवा नाही. खिडकी उघडत नाही. कडी मोडली आहे."

बंद खोलीत आठ माणसं रात्रभर श्वास सोडत असतील तर कार्बन डायऑक्साइड साठत जातो, खोली कोंदते आणि सकाळी डोकं जड होतं. त्यात मनोविकार काही नाही. अशा वेळी श्वासाचा व्यायाम सांगणाऱ्या बाईने आधी खिडकीची चौकशी करायला हवी होती.

मग मी तिला खोली मोजायला सांगितली. पावलांनी मोजून तिने सांगितलं, साधारण चार मीटर बाय साडेचार. म्हणजे अठरा चौरस मीटर. माणशी सव्वादोन, आणि त्यातच बंक, बॅगा सगळं. आपत्तीत बेघर झालेल्यांच्या निवाऱ्यासाठी मदतसंस्था 'स्फिअर' नावाचे किमान निकष वापरतात. त्यात स्वयंपाक आणि आंघोळीची जागा सोडून माणशी किमान साडेतीन चौरस मीटर धरले आहेत. ती दिवसभर त्या खोलीत नसते आणि हॉस्टेल म्हणजे छावणी नव्हे, तुलना ओढून आणलेली आहे हे मलाही कळतं. पण आकडा ऐकून ती पहिल्यांदा हसली. "म्हणजे मी लाडावलेली नाही?" नाही, बाळा. तुझी जागा लहान आहे.

अर्थात सगळं चौरस मीटरवर ठरत असतं तर आम्हा समुपदेशकांचं कामच उरलं नसतं. तितक्याच जागेत एक माणूस सुखाने राहतो आणि दुसरा कडवट होत जातो. अमेरिकेत अँड्र्यू बॉम आणि स्टुअर्ट व्हॅलिन्स यांनी सत्तरच्या दशकात विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांचा अभ्यास केला. माणशी जागा जवळपास सारखीच होती. फरक इतकाच, की काही मुलं लांबलचक कॉरिडॉरवर राहत आणि तीसेक जणांत एक न्हाणीघर वापरत, तर काही जण चार-सहा जणांच्या छोट्या गटात. कॉरिडॉरवाल्यांना गर्दी जास्त जाणवायची. आणि गंमत म्हणजे ती मुलं वसतिगृहाबाहेरही, एखाद्या अनोळखी माणसाबरोबर थांबायची वेळ आली तर, लांबची खुर्ची धरायची आणि नजर टाळायची. आपल्याला कोण, कधी भेटणार हे आपल्या हातात नाही, असं रोज घडत गेलं की माणूस अंग चोरू लागतो. "मी अशी नव्हते" याचं उत्तर मला तिथे दिसतं. तिचा स्वभाव बिघडला नव्हता. ती दाराकडे बघत बसली होती, एवढंच.

त्याच काळातला आणखी एक प्रयोग मी तिला सांगितला. डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर यांनी लोकांना कर्कश, अवेळी होणाऱ्या आवाजात काम करायला बसवलं. त्यातल्या काहींना एक बटण दिलं: फारच असह्य झालं तर दाबा, आवाज थांबेल, पण शक्यतो दाबू नका. बहुतेकांनी ते दाबलंच नाही. म्हणजे आवाज दोन्ही गटांनी सारखाच सोसला. तरी नंतर दिलेल्या कामात बटणवाले जास्त वेळ टिकले, त्यांच्या चुकाही कमी झाल्या.

"मग माझं बटण कुठे आहे?" तिने विचारलं. पुढचे दोन कॉल आम्ही तेच शोधत होतो.

होस्टशी, म्हणजे हॉस्टेल चालवणाऱ्यांशी बोल, असं मी सुचवलं तर ती दचकलीच. "फुकट राहते आहे, तक्रार कुठल्या तोंडाने करू?" या 'फुकट' शब्दापाशी आम्ही बराच वेळ अडलो. काम द्या आणि निवारा-जेवण घ्या ही कल्पना जुनी आहे. १९७१ साली इंग्लंडमध्ये सू कॉपर्ड यांनी शहरातल्या लोकांना शनिवार-रविवार सेंद्रिय शेतांवर न्यायला सुरुवात केली आणि त्यातूनच पुढे 'वूफ' हे सेंद्रिय शेतांवर काम करणाऱ्या स्वयंसेवकांचं जाळं उभं राहिलं. तेव्हापासून हा सौदा देवाणघेवाणीचाच आहे. आठवड्याला पंचवीस तास ती देत होती. बेड ही तिची मजुरी होती. मजुरी खोटी निघाली तर बोलायचं असतं.

तिने मॅनेजरसाठी मेसेज लिहून मला वाचून दाखवला. त्यात 'सॉरी' पाच वेळा होतं आणि मूळ मुद्दा शेवटून दुसऱ्या ओळीत. आम्ही खोडत गेलो. शेवटी उरलं ते असं: "व्हॉलंटियर रूमच्या खिडकीची कडी मोडली आहे, रात्री हवा येत नाही. या आठवड्यात दुरुस्त होईल का? खालचा बंक रिकामा झाला की मला हवा आहे." मला ते छान वाटलं. तिला उद्धट वाटलं. पाठवायला तिने दोन दिवस घेतले.

खिडकी चार दिवसांत दुरुस्त झाली. मॅनेजरला ती मोडल्याचं माहीतच नव्हतं, कारण आठपैकी एकानेही सांगितलं नव्हतं. बाकीचे सगळे मजेत आहेत ना! खालचा बंक मात्र मिळाला नाही. नव्याने आलेल्याला तो आधीच कबूल केला होता.

पिशवीवाल्याशी बोलणं याहून अवघड गेलं. त्याला काय म्हणायचं याची तालीम आम्ही केली होती: उशिरा रात्री नाही, खोलीत सगळ्यांसमोर नाही, आणि "तू नेहमी" असं तर मुळीच नाही. त्याची शिफ्ट संपल्यावर, बाहेर, एकच विनंती. सकाळचं सामान रात्रीच काढून ठेवशील का? तो लगेच हो म्हणाला, आणि मग म्हणाला की तुझा अलार्म रोज तीनदा वाजतो आणि तू उठत नाहीस. हे सांगताना ती कॅमेऱ्यासमोर तोंड झाकून हसत होती. त्या दिवसापासून तिचा फोन कंपनावर, उशीखाली. त्याने कापडी पिशवी घेतली. मैत्री वगैरे झाली नाही, पण पिशवी दिवसा ऐकू येणं थांबलं.

पडद्याचं तिने स्वतःच जमवलं. बंकच्या दांडीला पातळ चादर लावली. आवाज तर तिच्यामुळे अडत नाही, पण झोपेत आपल्याला कुणी बघत नाही आणि मोबाइलचे उजेड डोळ्यांवर येत नाहीत, हे कमी नाही. शिवाय दुपारी चार ते पाच कपडे धुण्याच्या खोलीत मी असते, असं तिने सगळ्यांना सांगून टाकलं. पूर्वी ती तिथे लपायची. आता तिला तिथे वेळ ठरवून मिळाली होती.

पण माझ्या मते खरं बटण दुसरंच होतं. तिसऱ्या कॉलला मी तिला पैसे मोजायला लावले. इथून निघालीस तर किती रात्री पैसे देऊन राहू शकशील? ती आधीच म्हणाली होती, शक्यच नाही. मोजल्यावर नऊ रात्री निघाल्या, परतीच्या तिकिटाला हात न लावता. नऊ रात्रींत दुसरा होस्ट शोधता येतो. ते पैसे तिने वेगळे ठेवले आणि शेवटपर्यंत वापरले नाहीत. पण त्या दिवसानंतर तिची झोप सुधारली. खिडकी त्याच आठवड्यात उघडू लागली होती, त्यामुळे श्रेय कुणाचं यावर मी भांडणार नाही.

एक गोष्ट मात्र मी पहिल्याच कॉलला विचारून घेतली होती आणि अशा प्रत्येकाला विचारते. पासपोर्ट तुझ्याकडेच आहे ना? ठरल्यापेक्षा जास्त तास राबवून घेतात का? खोलीत किंवा कामावर कुणाची भीती वाटते का? दाराला आतून कडी आहे? बेडच्या बदल्यातलं काम अनेक देशांत नोकरीच धरलं जातं. साध्या पर्यटक व्हिसावर गेलेली मुलं त्यामुळेच तोंड मिटून बसतात, आणि काही होस्टना ते पक्कं ठाऊक असतं. तिच्या बाबतीत यातलं काही नव्हतं, व्हिसाही तिने आधी नीट तपासला होता. असतं तर पडदे, पिशव्या, तालमी यात मी एक मिनिट घालवला नसता. नऊ रात्रींचे पैसे घे आणि आजच निघ, एवढंच सांगितलं असतं. जमवून घ्यायला शिकवणं हा प्रत्येक वेळी उपचार नसतो. कधी कधी ते नुकसानही करतं, आणि हे मी उशिरा शिकले.

ती सहा आठवडे राहिली, आठ नाही. दोन आठवडे आधी कळवून निघाली. पुढच्या होस्टला तिने जाण्याआधी काय विचारलं ते मला पाठवलं होतं: खोलीत बेड किती, खिडकी उघडते का, सुट्टीचे दिवस लागून असतात का, आणि खोलीचा आजचा फोटो मिळेल का. वेबसाइटवरचा नको, आजचा. एका होस्टने उत्तरच दिलं नाही. दुसऱ्याने फोटो पाठवला, त्यात एका बंकवर मांजर झोपलं होतं. तिने तो होस्ट निवडला.

तिथे खोलीत तिघंच होती, तिला खालचा बेड मिळाला. तरी आमच्या शेवटच्या कॉलला मागून ओळखीची घरघर ऐकू येत होती. "लाँड्रीतच आहे," ती म्हणाली. "आता इथे बसायची सवय झाली." या वेळी बसायला खुर्ची होती, आणि तिची दाराकडे पाठ होती.