जाहिरातींसाठी इलस्ट्रेशन करतो, वय ३९. मुलांच्या चित्रपुस्तकांकडे वळायचं आहे. आधी चांगला लेखक शोधू का?

लेखक शोधू नका. खरं तर एवढं उत्तर पुरे. पण प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय, "माझं काम फक्त चित्रांचं असेल, गोष्ट दुसऱ्या कुणाची तरी हवी," ते वाचून बसल्या जागी डोकं तापलं. हे 'फक्त' मी आजवर इतक्यांच्या तोंडून ऐकलंय की आता चित्रकारानेच ते लिहिलेलं बघवत नाही.

आधी व्यवहाराचं सांगते. मोठ्या प्रकाशनांत संहिता संपादकाकडे येते आणि चित्रं कोण काढणार हे संपादक किंवा कलासंपादक ठरवतो. जोडी जमवून जायची गरज नसते. उलट जोडीने गेलात की त्यांची पंचाईत होते, कारण अनेकदा दोघांतला एकच पसंत पडतो. पुस्तक छापून होईपर्यंत लेखक-चित्रकार एकमेकांशी थेट बोललेलेही नसतात, असंही सर्रास चालतं. तेव्हा लेखकामागे धावण्यापेक्षा तुमचं काम कुठल्या संपादकाच्या लक्षात राहील ते बघा. त्याला सुटी देखणी चित्रं दाखवू नका, ती सगळेच दाखवतात. एकच मूल वेगवेगळ्या प्रसंगांत काढा: धावणारं, रुसलेलं, गर्दीत हरवलेलं, पाठमोरं. पाठमोरंसुद्धा तेच मूल आहे हे कळलं, तर तुमच्याकडे बघण्यात अर्थ आहे. शैलीचं नंतर बघू. इतकी वर्षं जाहिरातीत काढलीत म्हणजे हात तयार असणारच.

आता माझं ऐका.

एका पुस्तकाची चित्रं माझ्याकडे आली होती. गोष्ट साधी. आजोबांचा चष्मा हरवतो, नात घरभर शोधते, शेवटी तो सापडतो. संहितेची सुरुवात अशी: निळा फ्रॉक घातलेली मिनी दारात उभी होती, तिच्या हातात लाल बाहुली होती, बाहेर पाऊस पडत होता. मी पेन्सिलीने तिन्हीवर काट मारली. फ्रॉक निळा आहे हे चित्रात दिसतं, पाऊस तर दिसतोच दिसतो. पण खरी गडबड पुढे होती. गोष्ट अर्ध्यावरही आली नव्हती आणि लेखकाने सांगूनच टाकलं होतं की चष्मा मांजरीच्या टोपलीत पडलाय.

मी म्हटलं, हे वाक्य काढा. टोपलीच्या काठावरून चष्म्याची एक काडी मी बाहेर काढते. आजोबांना ती दिसत नाही, मिनीला दिसत नाही. वाचून दाखवणाऱ्या मोठ्या माणसालाही दिसत नाही, कारण त्याची नजर अक्षरांवर असते. दिसते ती फक्त मांडीवरच्या चार वर्षांच्या पोराला, ज्याला अजून वाचता येत नाही. ते ओरडतं, "अगं, तो बघ तिथे!" पुढची सगळी पानं त्या घरात तेवढ्या एकालाच खरं काय ते माहीत असतं. चित्रपुस्तकात याहून मोठी गंमत मला तरी ठाऊक नाही.

लेखक म्हणाले, "मग माझ्या वाक्यांचं काय? चित्रं मजकुराला धरून असावीत." संपादकांनी खिडकीबाहेर बघितलं. मग मला समजावण्यात आलं की तुम्ही फक्त चित्रं काढा.

काढली. निळा फ्रॉक, लाल बाहुली, टोपली, चष्मा, सगळं बरहुकूम. फक्त प्रत्येक स्प्रेडवर, म्हणजे समोरासमोरच्या दोन पानांत मिळून, एक गोगलगाय घातली. पहिल्यात ती उंबऱ्याशी आहे, मग छत्रीच्या मुठीवर, मग पुस्तकांच्या फळीवर, आणि शेवटच्या पानावर थेट आजोबांच्या चष्म्याच्या काचेवर, भिंगातून भलीमोठी दिसणारी. मजकुरात तिचं नाव नाही आणि मी कुणाला विचारलंही नाही. पुस्तक आल्यावर मुलांची जी पत्रं आली ती तिच्याबद्दल होती. ती फळीवर चढली कशी, ती रात्री कुठे झोपते, वगैरे. चष्म्याची कुणाला पडलेली नव्हती. आता लेखकमहाशय कार्यक्रमांत सांगतात, "ती गोगलगाय आम्ही मुद्दाम ठेवली होती." आम्ही!

बरं, हा वाद माझ्यापासून सुरू झालेला नाही. रँडॉल्फ कॅल्डिकॉट बँकेत कारकून होता. १८७२ मध्ये नोकरी सोडून पूर्णवेळ चित्रकार झाला. आज अमेरिकेत चित्रपुस्तकाच्या चित्रकाराला दिलं जाणारं सर्वांत मानाचं पदक १९३८ पासून त्याच्याच नावाने देतात. त्याचं १८८२ चं 'हे डिडल डिडल' मिळवून बघा. बडबडगीत संपतं ते ताट चमचीला घेऊन पळालं इथे. शब्द संपले. कॅल्डिकॉट मात्र आणखी एक चित्र काढतो. ताट फुटून पडलंय आणि काटा व सुरी, म्हणजे चमचीचे आईबाप, तिला धरून घेऊन चाललेत. खाली एक अक्षर नाही. आता सांगा, ही गोष्ट लिहिली कुणी? मॉरिस सेंडाकने १९६३ मध्ये 'व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर' मध्ये चित्र पानागणिक मोठं मोठं करत नेलं आणि दंगा ऐन रंगात आल्यावर सलग तीन स्प्रेडवर शब्दांना बाहेरच ठेवलं. तिथे कुणी मजकुराला धरून राहायला गेलं असतं, तर काय धरलं असतं?

तुम्ही म्हणाल, मला लिहिता येत नाही. ठीक आहे, लिहू नका. डमी करा, म्हणजे पुस्तकाचा कच्चा नमुना. ३२ पानं धरा. एवढीच पानं रूढ झाली कारण छापखान्यातल्या मोठ्या कागदाला घड्या घातल्या की सोळा-सोळा पानांचे गठ्ठे, म्हणजे फर्मे, पडतात. शीर्षकपान आणि श्रेयपान वगळलं की गोष्टीला साधारण बारा ते चौदा स्प्रेड उरतात. ते सगळे एकाच कागदावर तिकिटाएवढ्या चौकटींत काढा. एवढ्याशा आकारात गोष्ट कळली नाही, तर मोठ्या आकारात रंग भरूनही कळणार नाही. मग साधे कागद दुमडून, टाचून खरोखरची वही बनवा आणि पानं उलटा. स्क्रीनवर हे समजत नाही. उजव्या पानाच्या कडेला काहीतरी अर्धवट राहिलं पाहिजे, म्हणजे बोट आपोआप तिथे जातं. डावीकडून उजवीकडे वाचणाऱ्यांच्या पुस्तकात उजवीकडे चालणारा माणूस निघालेला वाटतो आणि डावीकडे चालणारा परतलेला. जाहिरातीत एकाच चौकटीत सगळं सांगायची सवय लागलेली असते, ती इथे नडते. इथे राखून ठेवता आलं पाहिजे.

बाकी ब्लीड (चित्र कापायच्या कडेबाहेर थोडं वाढवणं), मधल्या घडीत चेहरा जाऊ न देणं, स्क्रीनवरचे हिरवे-केशरी रंग सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या चार रंगांत, मरगळतात, हे तुम्हाला ठाऊकच असणार. एक मात्र जाहिरातवाले हमखास विसरतात. चित्राच्या आत अक्षरं रंगवू नका. पुस्तक दुसऱ्या भाषेत काढताना प्रकाशक छपाईच्या चार रंगांच्या प्लेटांपैकी फक्त काळी, म्हणजे मजकुराची, बदलतो. पाटीवर तुम्ही सुंदर लाल अक्षरांत 'दुकान' लिहिलंत, तर तेवढ्यासाठी चित्र पुन्हा करावं लागतं.

वयाचं राहिलं. लिओ लिओनी 'फॉर्च्यून' मासिकाचा कलासंपादक होता. आगगाडीत नातवंडांना गप्प बसवायला त्याने एका मासिकाच्या पानांतून रंगीत कपटे फाडले आणि त्यांची गोष्ट रचली. त्यातून १९५९ मध्ये त्याचं पहिलं चित्रपुस्तक आलं, तेव्हा तो पन्नाशीला टेकला होता. एरिक कार्ल तर तुमच्याच धंद्यातला. त्याने जाहिरातीसाठी केलेला लाल लॉब्स्टर बघून लेखक बिल मार्टिनने त्याला आपल्या १९६७ च्या पुस्तकासाठी निवडलं, तेव्हा त्याचंही वय चाळिशीच्या आसपासच होतं. दोन वर्षांनी 'द व्हेरी हंग्री कॅटरपिलर' त्याने स्वतःच केलं, गोष्टीसकट.

पैशाचं कुणी विचारलं नाही, तरी सांगते. "चित्रकाराला रॉयल्टी द्यायची पद्धत नाही" असं कुणी म्हणालं, तर कॅल्डिकॉटचं नाव सांगा. तो चित्रपुस्तकं रॉयल्टीवर करत होता. चष्म्याच्या पुस्तकाच्या बैठकीत मला हे ऐकवता आलं असतं, पण तेव्हा वाचलेलं नव्हतं. एकरकमी मानधनावर काम घ्यायचंच झालं तर घ्या, घर चालवायचं असतं. पण तेवढ्या रकमेत कुठल्या भाषा, किती वर्षं आणि मूळ चित्रं कुणाची, हे लेखी घ्या. मुखपृष्ठावर नाव हवं हेही तिथेच लिहून घ्या. तोंडी कबूल झालेलं नाव श्रेयपानावर बारीक टायपात जातं, अनुभव आहे.

आणि हो, सगळे लेखक तसे नसतात. सध्या जिच्याबरोबर काम करतेय ती संहितेत मधेमधे नुसत्या रिकाम्या ओळी सोडते आणि समासात लिहिते, "इथे तू." अशी कुणी भेटली तर मी वर लिहिलेलं पहिलं वाक्य खुशाल विसरा. पण डमी आधी करा.