वॉरंटीतल्या लॅपटॉपचं टचपॅड बिघडलंय, सोलापुरातून दुरुस्त कसं करून घ्यावं?

तुमचा लॅपटॉप आठ महिन्यांचा आहे, कर्सर आपोआप उड्या मारतो, डावं क्लिक दबत नाही आणि नवी पेठेतला दुकानदार म्हणतो, ‘ठेवून जा, पुण्याला पाठवतो, महिना लागेल.’ आत्ताच ठेवून येऊ नका. आधी घरी अर्धा तास द्या.

क्लिक न दबणं जास्त काळजीचं. बऱ्याच मॉडेलमध्ये टचपॅडच्या खालीच बॅटरी असते. ती फुगली की टचपॅडला खालून रेटते आणि क्लिकला दबायला जागाच उरत नाही. लॅपटॉप बंद करून सपाट फरशीवर ठेवा, डुगडुगतो का बघा. मग झाकण उघडून स्टीलची पट्टी टचपॅडवर आडवी धरा. ती दोन्ही बाजूंना सपाट टेकली पाहिजे. मधे टेकून कडेला फट दिसली, तर बॅटरी फुगली आहे असं समजा. त्या क्षणी चार्जिंग आणि वापर दोन्ही थांबवा, वरून दाबून बसवू नका, कुरिअरनेही पाठवू नका, आग लागू शकते. तक्रारीतही ‘बॅटरी फुगली आहे’ असंच स्पष्ट सांगा. नाहीतर नुसतं टचपॅड बदललं जाईल आणि दोन महिन्यांत तेच दुखणं परत येईल. आपल्याकडच्या उन्हाळ्यात गादीवर ठेवून वापरलेला लॅपटॉप खूप तापतो. यंत्रमागाच्या भागात तर सुताची तूस पंख्यात अडकून हवाच खेळत नाही. उष्णतेने बॅटरी लवकर खराब होते.

फुगवटा नसेल तर कर्सरकडे वळा. चार्जर काढून पाच मिनिटं वापरा. उड्या थांबल्या, तर दोष बहुधा चार्जरचा किंवा घरच्या अर्थिंगचा. जुन्या घरांत थ्री-पिन सॉकेट असतं, पण अर्थची वायरच जोडलेली नसते. वायरमनकडून मल्टिमीटरने तपासून घ्या: फेज आणि अर्थमध्ये साधारण २३० व्होल्ट दिसायला हवेत.

चार्जर काढूनही त्रास असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये (विंडोजमधली हार्डवेअरची यादी) टचपॅडची नोंद अनइन्स्टॉल करून रीस्टार्ट करा, ड्रायव्हर (टचपॅड चालवणारं सॉफ्टवेअर) कंपनीच्या साइटवरूनच घ्या. मग बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगच्या स्क्रीनवर, जाऊन कर्सर चालवून बघा (माऊसची सोय असलेल्या बायोसमध्येच हे जमतं). तिथेही तसंच होत असेल, तर विंडोजचा संबंध नाही, दोष हार्डवेअरचा. याचा मोबाइलवर व्हिडिओ काढा, बाहेरचा माऊस काढलेला दिसू द्या. अधूनमधून येणारा दोष सेंटरवर नेमका दिसत नाही आणि ‘दोष आढळला नाही’ असा शेरा मारून मशीन परत येतं.

आता कंपनीच्या साइटवर सीरियल नंबर टाकून वॉरंटी बघा. ‘ऑनसाइट’ असेल तर माणूस तुमच्या घरी येतो, दुकानदाराची मध्यस्थी लागत नाही. ‘कॅरी-इन’ असेल तर नेऊन द्यावं लागतं. अधिकृत सेंटर कुठलं, हे साइटवर आपला ४१३ ने सुरू होणारा पिनकोड टाकून शोधा, पाटीवरच्या लोगोवर जाऊ नका. वॉरंटी सुरू झाल्याची तारीख बिलाच्या आधीची दिसली, तर जीएसटी बिल पाठवून दुरुस्त करून घ्या. माल दुकानात आला तेव्हापासून ती मोजलेली असू शकते.

लॅपटॉप देण्याआधी डेटाचा बॅकअप घ्या आणि बिटलॉकरची (विंडोजचं ड्राइव्हला लावलेलं कुलूप) रिकव्हरी की कागदावर उतरवा. मदरबोर्ड बदलला तर तिच्याशिवाय ड्राइव्ह उघडणार नाही. जॉबशीटवर (सेंटरच्या दुरुस्तीच्या नोंदीवर) सीरियल नंबर, नेमका दोष, आधीचे ओरखडे आणि ‘पाणी सांडलेलं नाही’ हे लिहूनच पावती घ्या. स्वतः खोलू मात्र नका. आतली रिबन केबल कागदासारखी पातळ असते, तिचं लॅच तुटलं तर वॉरंटी हातची जाते.

काही मॉडेलमध्ये टचपॅड सुटं मिळत नाही, कीबोर्डसकट वरचं अख्खं पॅनेल येतं. पार्टसाठी थांबावं लागलं तर तारीख ईमेलवर मागा. टाळाटाळ झाली तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. पुढे सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगातही जाता येतं: २०१९ च्या कायद्यानुसार तक्रार तुम्ही राहता तिथे दाखल होते, आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही.

मशीन परत आलं की ते मिळाल्याचा ओटीपी देण्याआधी तिथेच तपासा: दोन्ही क्लिक, दोन बोटांचं स्क्रोल, चार्जर लावून आणि काढून कर्सर, कीबोर्डची प्रत्येक की, स्पीकर, वायफाय. पॅनेल बदलताना यातलीच एखादी केबल नीट बसवायची राहून जाते.