कोळंबीच्या आतड्यातील जिवाणूंची पारख

प्रश्न : निरोगी कोळंबीच्या आतड्यातून मिळालेला जिवाणू प्रोबायोटिक (आरोग्यासाठी मुद्दाम दिला जाणारा उपयुक्त जिवाणू) म्हणून योग्य आहे, हे कसे ठरवतात?

उत्तर : प्रयोगशाळेतील बशीत बॅसिलस गटातील एखाद्या जिवाणूने व्हिब्रिओ या कोळंबीत रोग घडवणाऱ्या जिवाणूंची वाढ रोखली, एवढ्यावरून त्याला प्रोबायोटिक ठरवणे मला घाईचे वाटते. तो रक्तपेशी फोडतो का आणि प्रतिजैविकांना दाद न देण्याची क्षमता देणारी, इतर जिवाणूंकडे संक्रमित होऊ शकणारी जनुके त्याच्यात आहेत का, हे आधी तपासलेच पाहिजे. कारण प्रतिजैविकांचा वापर कमी करण्यासाठी आणलेल्या जिवाणूनेच तो प्रतिकार तळ्यात पसरवला, तर मूळ हेतूच हरतो. त्यानंतर काही आठवडे खाद्यातून तो देऊन, रोगजंतूंचा संसर्ग मुद्दाम घडवून, जगलेल्या कोळंबीचे प्रमाण जिवाणू न दिलेल्या गटाशी ताडून पाहतात. बॅसिलसचे बीजाणू (त्याची सुप्त, टणक रूपे) उष्णता सोसतात, हा खाद्यनिर्मितीत मोठा फायदा आहे.