आकडा खाली आला, मग पापणी का पडतेय?

प्रश्न: आईला दोन वर्षांपूर्वी मायस्थेनिया ग्रॅव्हिस (स्नायू लवकर थकवणारा आजार) निघाला, तेव्हा अँटिबॉडीचा आकडा १८ होता, आता ११ आलाय. पण त्रास उलट वाढलाय, संध्याकाळ झाली की डावी पापणी पडते आणि जेवताना अर्ध्यातच जबडा थकतो. ओपीडीत भेटलेल्या एका बाईंचा आकडा तर फक्त २, आणि त्यांना गिळताही येत नव्हतं! मग ही टेस्ट करायचीच कशाला?

उत्तर: टेस्ट आजार ओळखायला केली होती आणि ते काम तिने चोख केलं. घोळ होतो तो आपण तो आकडा शुगरसारखा वाचायला लागतो तेव्हा.

नसेतून निघालेलं ॲसिटिलकोलीन हे निरोप नेणारं रसायन स्नायूवरच्या रिसेप्टरला, म्हणजे निरोप झेलणाऱ्या जागेला, जाऊन चिकटतं आणि स्नायू हलतो. अँटिबॉडी, म्हणजे शरीराच्या बचावयंत्रणेने चुकून स्वतःविरुद्धच बनवलेली प्रोटीन, याच रिसेप्टरवर बसतात, पण सगळ्या एकसारखं नुकसान करत नाहीत. काही नुसत्या वाट अडवतात, काही दोन रिसेप्टर एकत्र बांधतात आणि मग पेशी ते आत ओढून मोडीत काढते, आणि काही कॉम्प्लिमेंट नावाची रक्तातली यंत्रणा चालू करतात, ती तर स्नायूचा तो पृष्ठभागच फोडून टाकते. लॅब मोजते ती फक्त रिसेप्टरला किती चिकटल्या ते, त्यातल्या फोडणाऱ्या किती हे त्या आकड्यात दिसतच नाही. म्हणून त्या बाईंचे २ आईच्या ११ पेक्षा जड पडू शकतात. गंमत म्हणजे सगळ्या अंगात आजार असलेल्या १०० पैकी साधारण १५ जणांत ही टेस्ट निगेटिव्हच येते, त्यातल्या काहींत मस्क नावाच्या दुसऱ्याच प्रोटीनविरुद्ध अँटिबॉडी सापडतात.

मग अँटिबॉडीचा आणि त्रासाचा संबंधच नाही का? आहे हो, चांगला घट्ट आहे. प्लाझ्मा (रक्ताचा पातळ भाग) बदलून त्या काढल्या की बहुतेकांना काही दिवसांत बरं वाटतं, आणि आजारी आईच्या अँटिबॉडी वारेतून बाळात गेल्या तर काही बाळं जन्मल्यावर काही आठवडे लुळी असतात, मग त्या संपतात तशी सावरतात.

आणि आकडा हललाही नाही तरी ताप, इन्फेक्शन, काही अँटिबायोटिक्स किंवा बीटा ब्लॉकरने (बीपी-हृदयाचं औषध) त्रास वाढतो, तेव्हा नवीन काय सुरू झालंय ते आधी बघा. पापणी किती वाजता पडते, वर एकटक बघितल्यावर किती सेकंदांत पडते हे लिहून ठेवा, डॉक्टरांना ते त्या ११ पेक्षा जास्त कामाचं. जबड्याचं मात्र या आठवड्यातच दाखवा, आणि ठसका लागायला लागला किंवा आडवं झाल्यावर दम लागला तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, सरळ इमर्जन्सीला न्या.