पीएच.डी. झाली, आता संशोधनाची जागा कुठे शोधावी?

प्रश्न : राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठातून मी रसायनशास्त्रात पीएच.डी. केली असून पाण्यातील जड धातू शोषून घेणारी द्रव्ये हा माझा विषय होता. पोस्ट-डॉक्टरेटसाठी, म्हणजे पीएच.डी.नंतरच्या मुदतीच्या संशोधनपदासाठी, अनेक विद्यापीठांच्या आस्थापना विभागांकडे मी अर्ज पाठवले, परंतु बहुतेकांकडून उत्तरच आले नाही. घरच्यांचा आग्रह नागपुरातच राहण्याचा आहे. मी काय करावे?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : आस्थापना विभाग मंजूर पदे भरतो. पोस्ट-डॉक्टरेटची जागा मात्र बहुधा एखाद्या प्राध्यापकाच्या प्रकल्पाला मिळालेल्या अनुदानातून निर्माण होते आणि अनुदानाबरोबरच संपते, त्यामुळे कोणाला घ्यावे हा विचार जाहिरात निघण्याच्या बराच आधी त्या प्राध्यापकाकडे सुरू झालेला असतो. म्हणून आपण आधी माणूस शोधावा आणि विद्यापीठाचा विचार नंतर करावा. प्रबंधात आपण ज्यांचे शोधनिबंध वारंवार उद्धृत केले, त्यांचे अलीकडचे लेखन काढून शेवटची आभाराची ओळ अवश्य वाचावी. अनुदान कोणी दिले हे तिथेच कळते. मग प्रत्येकाला स्वतंत्र पत्र लिहावे आणि त्यांच्या कोणत्या कामाला आपले कोणते तंत्र उपयोगी पडेल, हे पहिल्या चार ओळींतच सांगावे. ‘आदरणीय महोदय’ अशा मायन्याने पन्नास जणांना एकदम पाठवलेले पत्र कोणीही प्राध्यापक लगेच ओळखतो.

दुसरा मार्ग स्वतःची अधिछात्रवृत्ती (फेलोशिप) घेऊन जाण्याचा आहे, आणि माझ्या मते तो अधिक सन्मानाचा आहे. अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनची, म्हणजे पूर्वी ‘सर्ब’ या केंद्राच्या संशोधन-अनुदान मंडळाकडे असलेली, राष्ट्रीय पोस्ट-डॉक्टरल अधिछात्रवृत्ती दोन वर्षांची असते, तिची सर्वसाधारण वयोमर्यादा 35 वर्षांची असून महिला आणि राखीव प्रवर्गांना तीत सवलत मिळते. युरोपातील मारी क्युरी योजनेसाठी पीएच.डी.नंतरचा संशोधनकाळ आठ वर्षांहून अधिक नसावा लागतो. दोन्हींसाठी जिथे काम करायचे तिथल्या मार्गदर्शकाची संमती आधी मिळवावी लागते, त्यामुळे वर सांगितलेला पत्रव्यवहार टळत नाही.

नागपूरविषयी सांगायचे तर आपला विषय या शहराच्या पथ्यावर पडणारा आहे, कारण 1958 साली स्थापन झालेली ‘नीरी’ ही पर्यावरण अभियांत्रिकीची राष्ट्रीय संस्था येथेच आहे. अशा संस्था प्रकल्पांवरील जागांच्या जाहिराती आपल्या संकेतस्थळावर देतात आणि कधी थेट मुलाखतीलाच बोलावतात, म्हणून ती पाने नियमित पाहावीत. येथील व्हीएनआयटी या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेतील प्राध्यापकांनाही जरूर लिहावे. केंद्राच्या 2023 च्या सुधारित दरांनुसार रिसर्च असोसिएटच्या, म्हणजे प्रकल्पावरील पीएच.डी.धारक संशोधकाच्या, पहिल्या श्रेणीला दरमहा 58,000 रुपये आणि वर घरभाडे मिळते. राहण्यापुरता घरच्यांचा आग्रह मान्य करता येईल, पण स्वतःच्याच गाइडच्या प्रयोगशाळेत आणखी दोन वर्षे काढणे मला योग्य वाटत नाही. पुढे सहायक प्राध्यापकाच्या मुलाखतीत आपले स्वतंत्र काम कोणते, हे दाखवणे मग अवघड जाते.

पीएच.डी. प्रदान झाल्याची विद्यापीठाची अधिसूचना अजून हाती नसेल तर विद्यापीठाकडे त्वरित पाठपुरावा करावा. जागा मिळाल्यास होकार देण्यापूर्वी प्रकल्पाचे किती महिने उरले आहेत आणि पुढील हप्ता मंजूर झाला आहे का, हे संकोच न करता विचारावे. तीन वर्षांच्या प्रकल्पाच्या शेवटच्या सहा महिन्यांत रुजू होणाऱ्याच्या वाट्याला बहुधा अहवाललेखनच येते.